बुडालेले रोप उपाशी मरते : पेशीश्वसन, कावेरीचे खाचर आणि काळ्या जमिनीतील वाफसा

तमिळनाडूतील कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदपुरम् हे गाव आहे. मराठी वाचकाला ते परिचित असण्याचे कारण म्हणजे तेथील विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर व त्यास जोडलेली मोठी गोशाळा. तंजावर प्रांतावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते आणि अभंगगायनाची परंपरा त्या मुलखात आजही टिकून आहे. कृषी अभ्यासकाला मात्र या गावाचा परिसर दुसऱ्या कारणासाठी पाहण्याजोगा आहे. गावाच्या चहूबाजूंस कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे पसरलेली आहेत आणि जवळच आडुतुरै येथे १९२२ पासून कार्यरत असलेले भात संशोधन केंद्र आहे. कुरुवै, सांबा व तालडी या तीन हंगामांत मिळून वर्षाचा बराचसा काळ येथील जमीन पाण्याखाली असते. त्या पाण्यात भात जोमाने वाढते.

याच पाण्याच्या निम्म्या उंचीएवढे पाणी मराठवाड्यातील किंवा विदर्भातील सोयाबीनच्या शेतात तीन-चार दिवस साचून राहिले, तर पीक पिवळे पडते, मुळे काळवंडतात आणि उत्पादनाची आशा मावळते. भाताची पेशी व सोयाबीनची पेशी अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याची जी रासायनिक पद्धत वापरतात ती मुळात एकच आहे. मग एक पीक पाण्यात का जगते व दुसरे का मरते? या प्रश्नाचे उत्तर श्वसनक्रियेच्या हिशेबात आहे. तो हिशेब विस्तार कार्यकर्त्याला माहीत असेल, तर अतिवृष्टीनंतरचा सल्ला तो अंदाजाने न देता कारणासह देऊ शकतो.

श्वसनाचा हिशेब

श्वास घेणे आणि श्वसन या दोन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात. श्वास घेणे म्हणजे हवा आत-बाहेर करणे. ते फुप्फुसांचे काम. श्वसन ही प्रत्येक जिवंत पेशीत घडणारी क्रिया असून तीत अन्नाचे टप्प्याटप्प्याने विघटन होते व ऊर्जा मोकळी होते. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हा समजही तितकाच रूढ व तितकाच चुकीचा आहे. पान, खोड, मूळ, कणगीतील बी, चाळीतील कांदा या सर्वांतील जिवंत पेशी अहोरात्र श्वसन करीत असतात. हिरव्या भागात दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्यामुळे श्वसन झाकले जाते, इतकेच. मुळांना तर प्रकाशसंश्लेषण ठाऊकच नाही. पानांनी तयार केलेली साखर खाली येते आणि मुळे ती ऑक्सिजनच्या साहाय्याने खर्च करतात.

एक किलो ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे १५,६०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण ४५ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ती पुरेशी आहे. चुलीत ही ऊर्जा एकदम बाहेर पडते. पेशीत तसे झाले तर पेशी जळून जाईल. म्हणून विकरांच्या मदतीने हे काम अनेक लहान पायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरीवर सुटणाऱ्या ऊर्जेचा काही अंश एटीपी नावाच्या रेणूत साठविला जातो. एटीपी हे पेशीचे रोकड चलन होय. क्षार शोषणे, प्रथिने बांधणे, नवी पेशी घडविणे, साखर एका भागातून दुसऱ्या भागात नेणे, यांतील कोणतेही काम या चलनावाचून होत नाही. या रेणूच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले व मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासमवेत १९२९ मध्ये स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले.

श्वसनाचा पहिला टप्पा, ग्लायकोलायसिस, पेशीद्रव्यात घडतो. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि निव्वळ दोन एटीपी पदरात पडतात. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. पुढील टप्पे तंतुकणिकेत होतात. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात पायरुविक आम्लातील कार्बन हळूहळू कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो आणि त्यातील हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या हाती येतात. हे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून उतरत जातात. त्या उतरंडीतील ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात व धरणाच्या मागे पाणी साठावे तसा त्यांचा साठा होतो. प्रोटॉन परत येताना एटीपी तयार करणारे विकर अक्षरशः फिरते आणि एटीपी घडविते. जलविद्युत केंद्रातील चक्राची उपमा येथे केवळ अलंकार म्हणून दिलेली नाही. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा ती सहजी स्वीकारली गेली नव्हती.

साखळीच्या तळाशी इलेक्ट्रॉन स्वीकारण्यासाठी ऑक्सिजन उभा असतो. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्याशी संयोग पावून त्याचे पाणी होते. ऑक्सिजनचे श्वसनातील काम एवढेच, परंतु तो नसेल तर शेवटचा स्वीकारणारा नाहीसा होतो, साखळी वरपर्यंत तुंबते आणि क्रेब्स चक्रही थांबते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. तो नसताना पेशीला ग्लायकोलायसिसच्या दोन एटीपींवर भागवावे लागते. ग्लायकोलायसिस चालू राहावे म्हणून पायरुविक आम्लाचे रूपांतर वनस्पतीत मुख्यतः अल्कोहोलमध्ये केले जाते. यालाच किण्वन म्हणतात. साखरेतील बहुतेक ऊर्जा त्या अल्कोहोलमध्ये तशीच अडकून वाया जाते.

म्हणजे तेवढ्याच एटीपीसाठी पाण्याखालील मुळाला सुमारे पंधरापट साखर खर्चावी लागते. तेवढी साखर त्याच्यापाशी नसते आणि वरून येण्याचा ओघही मंदावलेला असतो, कारण साखर वाहून नेण्यासही एटीपी लागते. पाणी साचलेल्या शेतात पीक ‘गुदमरते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा ते उपाशी मरते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

खाचरात भात कसे जगते

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. पाण्यात मात्र तो उन्हाळी तापमानाला लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे पाण्यातून त्याचे प्रसरण हवेतील प्रसरणाच्या सुमारे दहा हजारपट मंद असते. चिखलणी केलेल्या जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की आतला ऑक्सिजन मुळे व जीवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवितात आणि वरून त्याची भरपाई होत नाही. खाचरातील चिखलाचा उभा काप घेतला असता पृष्ठालगतचा काही मिलिमीटरांचा थर तपकिरी व त्याखालील सर्व माती निळसर राखाडी दिसते. ऑक्सिजन पोहोचतो तो त्या तपकिरी थरापर्यंतच.

भाताच्या मुळाची वाढ निर्वायू मातीत होते, पण मूळ स्वतः निर्वायू नसते. पाने, खोड व मुळे यांत वायु-ऊतींच्या सलग पोकळ नळ्या असतात. पानांतून शिरलेली हवा या नळ्यांतून थेट मुळांच्या टोकाकडे उतरते. शिवाय मुळांच्या जुन्या भागावर असा बंदिस्त थर तयार होतो की खाली जाणारा ऑक्सिजन वाटेत मातीत झिरपून जात नाही. तो टोकापर्यंत राखला जातो. टोकाजवळ जो थोडा बाहेर पडतो त्याने भोवतालच्या विरघळलेल्या लोहाचे ऑक्सीकरण होते आणि मुळांवर तांबूस-नारिंगी लेप चढतो. निरोगी भाताचे मूळ उपटून धुतले असता नवी मुळे पांढरी व जुनी मुळे गंजल्यासारखी दिसतात, ती यामुळे. मुळे काळी दिसत असतील व सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मातीत सल्फाइड साचले आहे आणि मुळांची हवा कमी पडत आहे, असे समजावे. त्या वेळी खताची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. खाचरातील पाणी काही दिवस काढून टाकणे हा उपाय आहे.

बी रुजण्याच्या अवस्थेत तर भाताची करामत याहून निराळी आहे. गव्हासारख्या बहुतेक तृणधान्यांचे बी ऑक्सिजनशिवाय आपल्या पिष्टाची साखर करू शकत नाही. भाताचे बी ते करू शकते. पाण्याखाली ते किण्वनाच्या तुटपुंज्या एटीपीवर फक्त एक काम उरकते : कोंबाचे आवरण लांबवून ते पाण्याबाहेर काढणे. हवा लागली की नळी उघडी होते आणि मगच मूळ व पाने वाढतात. ऑक्सिजन नसताना मूळ वाढत नाही. कोकणातील रहू पद्धतीने पेरणी करणाऱ्यांना ही खूण उपयोगी पडावी. चोवीस तास भिजविलेले बियाणे ओल्या पोत्यात दडपून ठेवले की श्वसनाचा वेग वाढतो व पोते हाताला गरम लागते. मोठ्या, गच्च भरलेल्या पोत्याच्या मध्यभागी ऑक्सिजन संपतो आणि आंबूस वास येऊ लागतो. तेथील दाण्यांना पांढरा लांब कोंब दिसतो, पण मूळ नसते. अशा बियाण्याची उगवण चांगली झाली, असा समज करून ते पेरू नये. पोती लहान ठेवावीत, बियाणे अधूनमधून वरखाली करावे व पाणी शिंपडावे.

मातीचेही श्वसन चालते

खाचरातील जीवाणूंनाही इलेक्ट्रॉन स्वीकारणारा कोणीतरी हवा असतो. ऑक्सिजन संपल्यावर ते प्रथम नायट्रेट वापरतात, मग मँगनीज व लोह यांची ऑक्सीकृत रूपे, पुढे सल्फेट आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड. शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार होतो. मातीचा बदलता रंग आणि वास म्हणजे या क्रमाचीच नोंद होय.

शेतकऱ्याच्या खिशाशी सर्वांत जवळचा टप्पा पहिला आहे. जीवाणूंनी श्वसनासाठी नायट्रेट वापरले की त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. भातखाचरात नायट्रेटयुक्त खत देऊ नये, ही शिफारस यावरून आली. युरियातील नत्र अमोनियम रूपात येते. पण ते वरच्या तपकिरी थरात राहिले तर तेथे त्याचे नायट्रेट होते, ते खाली झिरपते आणि निर्वायू थरात नाहीसे होते. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सें.मी. खोल खोचतात, तेव्हा नत्र थेट निर्वायू थरात अमोनियम रूपाने राहते. ब्रिकेट उथळ पडली तर सारी मेहनत वाया जाते. ही खोली कशासाठी आहे हे मजुरांना सांगितल्यावाचून ती क्वचितच पाळली जाते.

मिथेन तयार झाल्यावर तो बाहेर पडतो त्याच वायु-ऊतींच्या नळ्यांतून, ज्यांतून हवा आत येते. खाचर आलटून-पालटून ओले व कोरडे ठेवण्याची पद्धत त्यावर परिणामकारक आहे. लावणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, छिद्रे पाडलेली ३० सें.मी. लांबीची नळी अर्धी जमिनीत रोवतात. तिच्यातील पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सें.मी. गेली की पुन्हा पाणी देतात. फुलोऱ्याच्या काळात मात्र ५ सें.मी. पाणी सतत राखावे लागते. कावेरीच्या पाण्यासाठी मेट्टूर धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला यात पाण्याची बचत दिसते, मुळांना हवा मिळते हा लाभ त्याच्या लक्षात नंतर येतो.

शेंडा बुडाला तर

वायु-ऊतींची सारी व्यवस्था पानांची टोके पाण्याबाहेर असण्यावर अवलंबून आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, त्रिभुज प्रदेशातील सखल खाचरांत सांबा व तालडीचे पीक पूर्णपणे बुडते. जमिनीला उतार अत्यल्प असल्याने पाणी लवकर ओसरत नाही. कोकणातील खाजणलगतची व नदीकाठची खाचरे, तसेच पूर्व विदर्भात गोसीखुर्द-वैनगंगेच्या काठचे भातशेत यांनाही हा अनुभव आहे.

बुडालेले सामान्य वाण शेंडा पाण्याबाहेर काढण्यासाठी भराभर उंच होऊ लागते. पाणी उथळ व रेंगाळणारे असेल तर ही धडपड सार्थकी लागते. अचानक आलेल्या खोल पुरात मात्र साखरेचा साठा उंची वाढविण्यात संपतो आणि पाणी ओसरल्यावर रोप मोडून पडते. ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेल्या एफआर १३ए या वाणाचे वर्तन याच्या उलट असते. बुडताच ते वाढ थांबवते, साखर जपून वापरते आणि वाट पाहते. या संयमामागील सब-१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. संकर व चिन्हकांच्या साहाय्याने ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणण्यात आले आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब १ भारतात प्रसारित झाले. त्रिभुज प्रदेशात मान्यता असलेल्या सीआर १००९ या दीर्घ मुदतीच्या वाणातही हे जनुक आणलेले आहे. असे पीक साधारण दोन आठवडे पूर्ण बुडूनही सावरू शकते. पाणी गढूळ व गरम असेल, तर ही मुदत कमी होते. गढूळ पाण्यात पानांना प्रकाश मिळत नाही आणि उष्णतेने श्वसनाचा वेग वाढून साठा लवकर संपतो. स्वच्छ पाण्यात बुडालेल्या भाताच्या पानांवर हवेचा चंदेरी थर दिसतो. त्यातून थोडेफार प्रकाशसंश्लेषण चालू राहते.

पाणी ओसरताच नत्राची मात्रा देण्याची घाई अनेक ठिकाणी केली जाते. ती टाळावी. त्या वेळी रोपापाशी नत्र उचलण्याएवढीही ऊर्जा नसते. पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा आणि नवी पाने फुटू लागल्यावर, साधारण पाच-सहा दिवसांनी, खत द्यावे.

वाफसा म्हणजे मुळांची हवा

सोयाबीन, तूर, कापूस यांच्या मुळांत भातासारखी तयार नळव्यवस्था नसते. सोयाबीन पाणी साचल्यावर काही नव्या मुळांत पोकळ्या तयार करते, परंतु तोवर उशीर झालेला असतो. सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक खर्च विचारात घ्यावा लागतो. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्राचा एक रेणू स्थिर करताना किमान १६ एटीपी खर्च करतात. एवढी ऊर्जा ऑक्सिजनयुक्त श्वसनातूनच मिळू शकते. गाठ कापल्यावर दिसणारा गुलाबी रंग ऑक्सिजन मोजून पोहोचविणाऱ्या लेगहिमोग्लोबिनचा असतो. पाणी साचल्यावर प्रथम गाठींचे काम बंद पडते. चार-पाच दिवसांत खालची पाने पिवळी पडतात ती बव्हंशी नत्राच्या उपासमारीने. पाणी निचरल्यानंतर दोन-चार झाडे उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी असतील तर पीक सावरण्याजोगे आहे. तपकिरी व मऊ झाल्या असतील तर सावरण्यास वेळ लागेल. मुळे दुबळी असताना जमिनीतून दिलेले खत उचलले जात नाही, म्हणून या काळात शिफारशीनुसार पानांवर विद्राव्य खताची हलकी फवारणी करणे सयुक्तिक ठरते.

मराठी शेतकऱ्याने या सर्वासाठी एकच शब्द फार पूर्वी घडविला आहे : वाफसा. मातीच्या लहान पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असल्याची ती स्थिती. वाफशावर पेरणी व कोळपणी करावी हे सर्वांना ठाऊक असते. पीक उभे असतानाही वाफसा टिकवावा लागतो, याकडे दुर्लक्ष होते. भारी काळ्या जमिनीत मोठ्या पोकळ्या मुळातच कमी, आणि ओलीत ट्रॅक्टर फिरवला की त्या आणखी दबतात. रुंद वरंबा-सरी पद्धतीत पिकाच्या ओळी वरंब्यावर राहतात व जादा पाणी सरीतून वाहून जाते. तिचे यश सरीच्या शेवटी पाण्याला बाहेर पडण्यास वाट आहे की नाही यावर ठरते. तोंड बंद असलेली सरी म्हणजे लांबट डबकेच. जेथे पेरणी सपाट वाफ्यावर झाली आहे तेथे ठरावीक ओळींनंतर चर काढून तो बांधाबाहेर जोडावा. पाणी साचल्यापासून पहिल्या दोन दिवसांत केलेला निचरा आणि पाचव्या दिवशी केलेला निचरा यांत पिकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण मुळांपाशी साखर किती उरली हे त्या दिवसांवरच ठरते.

गोठ्यातील विनॉक्सिश्वसन

गोविंदपुरम् व परिसरातील जनावरांच्या दावणीत भाताचा पेंढा असतो. पेंढ्यातील सेल्युलोज फोडण्याचे विकर गायीपाशी नाही; ते तिच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांपाशी आहे. कोठीपोटात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथील जीवाणू किण्वनाच्या तुटपुंज्या एटीपीवर स्वतः जगतात आणि उरलेली ऊर्जा अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांच्या रूपात मागे ठेवतात. खाचरातील मुळाला जे अल्कोहोल निरुपयोगी, त्याच प्रकारचे अर्धवट जळलेले पदार्थ गायीला मात्र अन्न ठरतात. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीच्या पेशी आपल्या तंतुकणिकांत, ऑक्सिजनच्या साहाय्याने, त्यांतील ऊर्जा मोकळी करतात. गायीच्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग या मार्गाने येतो. काही अंश ढेकरातून मिथेनच्या रूपाने बाहेर जातो; चाऱ्याच्या प्रतीनुसार तो एकूण ऊर्जेच्या २ ते १२ टक्के असतो आणि निकृष्ट पेंढ्यावर तो वाढतो.

मुरघास करणारा शेतकरी हीच क्रिया खड्ड्यात किंवा पिशवीत घडवून आणतो. कापलेल्या मक्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. आजूबाजूला हवा असेपर्यंत त्या श्वसन करीत राहतात, साखर जळते, ढीग तापतो. ही साखर लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंसाठी राखावयाची असते. म्हणून कुट्टी बारीक करणे, थराथराने दाबणे व त्याच दिवशी झाकणे आवश्यक असते. दाबताना ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी झाल्या की आत राहिलेली हवा साखर खाते, आम्लता पुरेशी उतरत नाही आणि बुरशी येते. सुमारे ४५ दिवसांनी खड्डा उघडल्यावर हवा पुन्हा आत शिरते. या वेळी बुरशी व यीस्ट श्वसन करू लागतात. दर्शनी भागात हात घातल्यावर मुरघास कोमट लागत असेल, तर चारा काढण्याचा वेग अपुरा आहे असे समजावे. रोज संपूर्ण दर्शनी भागावरून सलग थर काढावा, मधूनच खड्डे पाडून काढू नये आणि प्लॅस्टिक परत ओढून त्यावर वजन ठेवावे. गायींची संख्या कमी असेल, तर मोठ्या खड्ड्याऐवजी लहान पिशव्या भराव्यात.